तेलक्षेत्रातला टँकर सोडून लाँग लाइनवर जाऊ का, आणि हातात नेमके किती पडतील?

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही नवापूर तालुक्यातले. सहा वर्षं झाली, अंकलेश्वरच्या तेलक्षेत्रात एका ठेकेदाराकडे टँकर चालवताय. बारा तासांची पाळी, आठवड्याला एक सुट्टी, राहणं-जेवणं स्वतःचं, आणि पीएफ वगैरे कापून बँकेत 19 हजार जमा होतात. घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. गावातला मित्र चौदा टायरचा ट्रक घेऊन सुरत-कोलकाता लाइन, म्हणजे लांब पल्ल्याची वाहतूक, करतो आणि सांगतो की महिन्याला 50 हजार होतात. तुम्ही विचारताय, हे खरं आहे का, आणि खरं असेल तर इथली नोकरी सोडू का.

मी नऊ वर्षं अंकलेश्वर आणि गंधारच्या विहिरींवर टँकर चालवला. त्यानंतर अकरा वर्षं लाइन केली. आता धुळ्याला माझ्या तीन गाड्या आहेत आणि ड्रायव्हरांचा हिशोब मीच बघतो. म्हणजे आधी शेठला, गाडीच्या मालकाला, हिशोब द्यायचो, आता घेतो. त्यामुळे तुमचा मित्र काय सांगतोय ते मला नीट कळतं. तो खोटं बोलत नाही. पण तो जे मोजतोय आणि तुम्ही जे समजताय, त्यात फरक आहे.

खरा प्रश्न पगाराच्या आकड्याचा नाहीच. गाडी उभी राहिली तर त्या दिवसाचे पैसे कोणाच्या खिशातून जातात, हा आहे.

विहिरीवरचं काम आठवा. सकाळी गाडी गेटवर लावायची. एक्झॉस्टला स्पार्क अरेस्टर (ठिणगी बाहेर पडू न देणारी जाळी) आहे का ते गेटवरचा माणूस वाकून बघणार. मग हेल्मेट, बूट, परमिट. आत गेलं की विहिरीची दुरुस्ती करणारे वर्कओव्हर रिगवाले म्हणणार, थांबा, अजून दोन तास. दोनाचे सहा होतात. आपण केबिनमध्ये पाय पसरून पडतो, डबा खातो, दुसऱ्या टँकरवाल्याशी गप्पा मारतो. पाळी संपते, गाडीवर बदली माणूस येतो, आपण खोलीवर जातो. गाडी महिन्याला बाराशे किलोमीटर पळो की अडीच हजार, बँकेत तेवढेच पडतात. कारण तिथं आपली वेळ विकलेली असते.

लाइनवर वेळ कोणी विकत घेत नाही. चाक फिरलं आणि माल खाली झाला, तरच पैसा. माझी लाइनची पहिलीच मोठी ट्रिप सांगतो. सुरतेहून कापडाच्या गाठी भरल्या आणि पाचव्या दिवशी दुपारी कोलकात्याच्या अलीकडे डानकुनीला पोहोचलो. मनात म्हटलं, संध्याकाळी खाली होऊन रात्री परतीचं भाडं बघू. गोदामाबाहेर माझ्या पुढे अकरा गाड्या होत्या. मुनीम म्हणाला, आत जागा नाही, उद्या. तो ‘उद्या’ चार दिवसांनी उजाडला. तोवर जेवण स्वतःचं, आंघोळीला पैसे, रात्री ताडपत्री कोणी फाडू नये म्हणून जागरण. शेठला फोन करून हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, मागितलं, तर शेठ म्हणाला, पार्टीच (मालवालाच) देत नाही तर मी कुठून देऊ? बिल्टी, म्हणजे मालाची पावती, काढून बघितली. त्यावर हॉल्टिंगची ओळच नव्हती. माझ्या हिशोबाच्या वहीत त्या चार तारखांसमोर मी एकच शब्द लिहिला, ‘उभी’. ती वही अजून माझ्याकडे आहे.

आता तुमच्या मित्राच्या 50 हजारांकडे येऊ. त्या लाइनवर बरेच शेठ उक्तं देतात. डिझेल आणि फास्टॅग शेठचा, बाकी ट्रिपचा सगळा खर्च ड्रायव्हरच्या हातात एकरकमी. सुरत ते कोलकाता आणि येताना रायपूरकडून परतीचं भाडं घेऊन सुरत, अशी साधारण 3,700 किलोमीटरची फेरी धरा. माझ्या ओळखीच्या एका गाडीला अशा फेरीचे 26 हजार उक्ते मिळतात. महिन्यात दोन फेऱ्या म्हटल्या की 52 हजार. हेच तुमच्या मित्राचे पन्नास हजार असावेत. ते त्याच्या हातात येतात हे अगदी खरं आहे.

पण हातातून जातात किती? तीच फेरी 15 दिवसांची धरू. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांचं चहा-नाश्ता-जेवण दिवसाला 600 रुपये, म्हणजे 9,000. भरताना आणि खाली करताना हमाल, मुनीम, वजनकाटा यांचे 2,500. वाटेतली ‘एन्ट्री’, म्हणजे चिरीमिरी, कुठे शंभर, कुठे दोनशे, मिळून 3,500. पंक्चर, हवा, ग्रीस 1,500. ताडपत्री आणि रस्सी 800. पार्किंग 700. झाले 18,000. उरले 8,000. यावर शेठ महिन्याला 12 हजार पगार देतो. म्हणजे दोन फेऱ्यांचे 16 आणि पगाराचे 12, असे 28 हजार.

पण 15 आणि 15 मिळून 30 दिवस झाले. यात घरी जाण्याचा एकही दिवस नाही. तुम्ही आज महिन्याला चार सुट्ट्या घेता, तेवढेच चार दिवस घरी राहायचं म्हटलं तर फेऱ्यांना उरतात 26 दिवस. त्यात पावणेदोन फेऱ्याही पुऱ्या होत नाहीत. हिशोब येतो जेमतेम 26 हजारांचा. आणि डानकुनीसारखे चार दिवस मध्ये घुसले तर? फेरी 19 दिवसांची होते, त्या चार दिवसांच्या जेवणाचे 2,400 त्याच आठ हजारांतून जातात, उरतात 5,600. महिन्यात अशा सव्वा-दीड फेऱ्याच होतात. पगार धरून साडेएकोणीस हजारांच्या आसपास.

तुमची बाजूही अशीच मांडू या. बँकेत 19 हजार. खोली आणि मेसचे साडेचार हजार वजा केले तर घरी जातात साडेचौदा हजार. पण तुमचा पीएफ कापला जातो. 15 हजारांच्या मर्यादेवर 12 टक्के म्हणजे 1,800 तुमचे, आणि तेवढेच ठेकेदाराचे, त्यातला काही भाग पेन्शनच्या खात्यात. हे 3,600 दिसत नाहीत, पण तुमचेच आहेत. मिळून 18,100 झाले.

म्हणजे 19 विरुद्ध 50 अशी तुलना नाहीच. खरी तुलना 18 हजार विरुद्ध साडेएकोणीस ते सव्वीस अशी आहे. चांगल्या महिन्यात जवळपास आठ हजार जास्त, वाईट महिन्यात दीड हजार जास्त. लाइनवर पैसा जास्त आहे हे मी नाकारत नाही, मी स्वतः त्यासाठीच गेलो होतो. पण तो दुप्पट नाही, आणि दर महिन्याला सारखा नाही. दिवाळीआधी सुरतेतून कापड सुटतं तेव्हा गाड्यांना ओढाताण असते. दिवाळीला मार्केट बंद झालं की भाडं शोधत पार्किंगला पडून राहावं लागतं. पावसाळ्यातही तेच. वर्षाची सरासरी काढल्याशिवाय या धंद्यातल्या कमाईचा आकडा सांगता येत नाही, आणि बहुतेक ड्रायव्हर आपला सगळ्यात चांगला महिनाच सांगतात.

माझे आकडे एका लाइनचे आणि एका प्रकारच्या गाडीचे आहेत, हे लक्षात ठेवा. गाडी, माल, रस्ता आणि सगळ्यात जास्त शेठ, यावर ते बदलतात. उक्त्याऐवजी काही जण पगार आणि रोजची खुराकी, म्हणजे जेवणखर्च, देतात. मी माझ्या ड्रायव्हरला 18 हजार पगार आणि गाडीवर असेल त्या प्रत्येक दिवसाची 400 रुपये खुराकी देतो. हमाली, पंक्चर, पार्किंग हे चिठ्ठीवर माझ्याकडे. 26 दिवसांत 28,400 होतात. एकट्याच्या जेवणाचे रोज 300 गेले तरी साडेवीस हजार उरतात, गाडी पळो की उभी राहो. शिवाय डिझेल. भरलेल्या चौदा टायरला मी लिटरला साडेतीन किलोमीटरचं ॲव्हरेज धरतो. त्या हिशोबानं 3,700 किलोमीटरला 1,057 लिटर लागतात. ड्रायव्हरनं 3.7 काढलं तर हजार लिटरमध्ये काम होतं. वाचलेल्या 57 लिटरचे निम्मे पैसे पंपाच्या भावानं त्याला देतो. सगळ्यांना ते जमत नाही, पण गिअर नीट टाकणाऱ्याला फेरीला दोन-अडीच हजार सुटतात. उक्त्यावरच्या चांगल्या महिन्यापेक्षा हे कमी आहेत, वाईट महिन्यापेक्षा बरेच जास्त. ज्याच्या घरी लहान मूल आहे आणि हप्ते चालू आहेत, त्याला मी ही पद्धत सुचवेन. तिसरी पद्धत मोठ्या कंपन्यांची, किलोमीटरवर पैसे. तिथं पीएफ असतो, कागद नीट असतात. पण गाडी उभी तर मीटर उभा. म्हणून तिथं उभ्या दिवसाचे किती देतात, हा पहिला प्रश्न विचारा आणि किलोमीटरचा दर नंतर.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. तुम्ही एकदम ताडपत्रीच्या गाडीवर का उडी मारताय? तुमच्याकडे सहा वर्षांचा टँकरचा हात आहे. अर्धा भरलेला टँकर वळणावर कसा हेलकावा मारतो, ब्रेक मारल्यावर आतलं पाणी मागून कसं धक्का देतं, हे तुम्हाला अंगात मुरलेलं आहे. नव्या माणसाला ते शिकवायला वर्ष जातं. अंकलेश्वर, पानोली, झगडिया, दहेज, हजिरा, हा सगळा पट्टा केमिकलचा आहे आणि तिथून रोज टँकर आपल्याकडे येतात. तारापूर, पाताळगंगा, महाड, लोटे, कुरकुंभ. दोन-चार दिवसांची फेरी, ताडपत्री नाही, हमाल नाही, माल चोरीला जायची धास्ती कमी. बहुतेक टँकर रिकामे परततात आणि जाण्या-येण्याचं भाडं आधीच ठरलेलं असतं, म्हणून परतीच्या मालासाठी पार्किंगला पडून राहावं लागत नाही. मी आज तुमच्या वयाचा असतो तर आधी दोन वर्षं हेच केलं असतं.

यातही उभं राहणं आहेच. कंपनीत पोहोचल्यावर आधी मालाचं सॅम्पल लॅबमध्ये जातं. पास झालं तरच खाली करतात, नापास झालं तर दोन्ही कंपन्यांचे फोन संपेपर्यंत गाडी गेटबाहेर. पण केमिकलच्या पार्ट्या हॉल्टिंग बऱ्यापैकी मान्य करतात, हा माझा अनुभव आहे.

यासाठी तुमच्या लायसन्सवर धोकादायक मालाचा शेरा हवा. तीन दिवसांचं प्रशिक्षण करून तो मिळतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर असं लायसन्स तीन वर्षं चालतं, आणि नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी करावी लागते. तुम्ही क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा, टँकर चालवत असाल तर शेरा असणारच. फक्त पाण्याच्या टँकरवर असाल तर लायसन्स काढून आजच बघा. शेरा नसेल तर नोकरीत असतानाच करून घ्या, कारण एकदा लाइनवर गेलात की त्यासाठी तीन दिवस सलग मिळत नाहीत. असलेला शेरा संपू देऊ नका, मग तुम्ही शेवटी कुठलीही गाडी घ्या.

आणि एक कळकळीनं सांगतो. केमिकल टँकरच्या धंद्यात कधीतरी कोणीतरी म्हणेल, मॅनहोल (टाकीचं झाकण) उघड, आत उतर आणि फडक्यानं पुसून घे, धुलाईचे पैसे वाचतील. उतरू नका. विहिरीवर बंद टाकीत जायचं तर परमिट लागतं, गॅस मोजतात, बाहेर माणूस उभा असतो. ती शिस्त तुम्हाला माहीत आहे, ती गेटबाहेर टाकून येऊ नका. वास येत नाही म्हणजे हवा आहे असं नसतं. आत गेलेला पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. मी ज्यांच्याबरोबर जेवलो होतो असा एक माणूस असा गेलाय. शेठ रागावला तर रागावू द्या, दुसरी गाडी मिळते.

तेलक्षेत्रातून लाइनवर आलेल्या माणसाला एक गोष्ट नव्यानं शिकावी लागते, ती म्हणजे घाट. आपण तिथं वर्षानुवर्षं सपाट रस्त्यावर, वीस-तीसच्या वेगात गाडी चालवतो. तुमच्या घराजवळचा कोंडाईबारी रिकाम्या गाडीनं उतरणं वेगळं आणि मागे भरलेलं वजन घेऊन उतरणं वेगळं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे खूप भेटतील, आणि ते तुम्हाला शिकवतीलही. उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रल केली की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर तापतात, आणि तापलेले लायनर धरत नाहीत. मग तुम्ही पॅडल दाबत राहता, ब्रेकच्या हवेचा काटा खाली येत जातो आणि गाडी काही थांबत नाही. मध्य प्रदेशातल्या धामनोदजवळच्या गणपती घाटात अशा गाड्यांनी किती माणसं घेतली, ते त्या रस्त्यावर फिरणाऱ्या कोणालाही विचारा. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, एक्झॉस्ट ब्रेक लावून. दोन लिटर जास्त जातील. मी माझ्या ड्रायव्हरला ते दोन लिटर कधी विचारत नाही. ज्या शेठला ते खटकतात, त्याची गाडी घेऊ नका.

झोपेचंही तेच. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं ड्रायव्हरला दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास अशी मर्यादा घातली होती. तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांना. आता तो विषय नव्या कामगार संहितांमध्ये गेला आहे. पण दोन-तीन गाड्यांच्या शेठकडे तास मोजणारं कोणी नसतं, तुम्हालाच मोजावे लागतात. तुम्हाला पाळी संपली की गाडी सोडायची सवय आहे. लाइनवर गाडी सोडायला कोणी सांगत नाही. रात्री दोन ते पाच डोळा लागतोच, कितीही चहा प्या. माझ्या गाड्यांना त्या वेळेत चालायला मनाई आहे.

कागदांकडे वळतो, कारण लाइनवर कागद ड्रायव्हरच्या गळ्यात पडतात. माल भरल्यावर वजनकाटा करूनच निघा. ओव्हरलोड सापडला तर 20 हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. शेठ म्हणतो मी बघून घेतो, पण रस्त्यावर पकडले जाता तुम्ही. ई-वे बिलाची (मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाची) मुदत अंतरावर ठरते, 200 किलोमीटरला एक दिवस. गाडी बिघडली, रस्ता बंद पडला तर मुदत संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या 8 तासांत ती वाढवून घ्यावी लागते. ते काम ट्रान्सपोर्टरचं, पण आठवण तुम्ही करायची. आणि गाडीचा विमा बघताना एक ओळ नक्की शोधा. पॉलिसीच्या हप्त्याच्या तक्त्यात ‘पेड ड्रायव्हर’ म्हणून 50 रुपयांचा आकडा असतो. तुम्हाला गाडीवर काही झालं तर नुकसानभरपाईसाठी ती ओळ कामाला येते. लाखाच्या पॉलिसीत 50 रुपये वाचवणारे शेठ मी पाहिले आहेत. गाडीची किल्ली घेण्याआधी पॉलिसीचा फोटो मागा. द्यायला कां-कू केली तर त्यावरून बाकीचं समजून घ्या.

पीएफबद्दल एक विनंती. नोकरी सोडली की पहिला सल्ला मिळेल, पीएफ काढून घे, स्वतःची गाडी घ्यायच्या टोकनला (आगाऊ रकमेला) होईल. काढू नका. पीएफमधल्या पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते, तुमची 6 झाली आहेत. पुढचा मालक पीएफ भरत असेल तर तोच यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर द्या, वर्षं जोडली जातात. मालक पीएफ भरत नसेल तर तुमचे महिन्याचे ते 3,600 थांबले, हे तुलनेत धरा. ईएसआयचंही, म्हणजे कामगार विमा योजनेचंही, तसंच. आज मुलगी आजारी पडली तर ईएसआयमधून तिच्यावर उपचार होतात, तुम्ही आजारी पडलात तर वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. उक्त्यावरच्या ड्रायव्हरला ताप आला तर गाडीवर दुसरा माणूस चढतो.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. सोडण्याआधी आजच्या पगाराची पावती नीट तपासलीत का? तेलविहिरी कायद्यानं खाणीत मोडतात, आणि तेलक्षेत्राचं किमान वेतन राज्य नाही, केंद्र सरकार ठरवतं. त्यातला महागाईचा भाग दर वर्षी 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला बदलतो. माझ्या वेळी आमच्या ठेकेदारानं दोन वेळा ती वाढ दिलीच नाही, आणि आम्ही वर्षभर विचारलंही नाही. कारण आम्हाला माहीतच नव्हतं. विचारल्यावर फरकासकट मिळाली. तुमची कुशल कामगाराची श्रेणी लावली आहे का, बारा तासांतल्या वरच्या तासांचा ओव्हरटाइम दुप्पट दरानं धरला आहे का, हे बघा. कदाचित लाइनवर जे दोन-तीन हजार जास्त मिळवायला निघाला आहात, ते इथंच अडकलेले असतील.

घराचा विचार शेवटी लिहितोय, पण तो तुम्हाला आधी करावा लागेल. आज तुम्ही शनिवारी रात्री निघून नवापूरला जाता, रविवारी मुलीबरोबर असता. सुरत-धुळे रस्ता तुमच्या दारावरून जातो, त्यामुळे वाटतं की लाइनवर जाता-येता घरी थांबू. गाडी भरलेली असते, पार्टीचा फोन चालू असतो. घरासमोरून हॉर्न वाजवून पुढे गेलेला मी आहे. माझा मोठा मुलगा चार वर्षांचा होता, रस्त्याच्या कडेला आजीचा हात धरून उभा राहायचा आणि मी केबिनमधून केळी द्यायचो. दहा मिनिटं. तेव्हा घरावर कर्ज होतं, मला ते फेडायचं होतं आणि मी फेडलं. तुमच्यावर तसं काही आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर दोन वर्षांसाठी लाइन करणं समजू शकतो. नसेल तर दहेजकडची छोटी फेरी तुमच्या घराला जास्त मानवेल असं मला वाटतं.

म्हणून राजीनामा आत्ता देऊ नका. वर्षाच्या रजा उरल्या असतील, सुट्ट्या जोडून पंधरा-सोळा दिवस काढा आणि मित्राच्या गाडीवर जोडीदार ड्रायव्हर म्हणून एक पूर्ण फेरी करा. पैसे मागू नका, जेवण त्याचं. निम्मी गाडी तुम्ही चालवा, म्हणजे घाट आणि रात्र दोन्ही कळतील. पाठ, झोप, पोट यांना ते झेपतं का तेही कळेल. नव्या गाडीवर जायचं ठरलंच तर 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेली बघा. तेव्हापासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, आणि मे महिन्यात विदर्भातून जाताना त्याची किंमत कळते.

त्या फेरीत एक चाळीस पानी वही जवळ ठेवा. रोज रात्री तीनच गोष्टी लिहा: आज किती किलोमीटर झाले, खिशातून किती गेले, आणि गाडी चालली की उभी. परत आल्यावर ‘उभी’ लिहिलेले दिवस मोजा आणि तेवढ्या दिवसांचे शेठनं काय दिले ते मित्राला विचारा. ते आकडे इथं टाका, आपण बसून हिशोब करू. आणि लायसन्सवर शेरा आहे की नाही, तेही कळवा. माझ्या ओळखीत झगडियाला एक टँकरवाला आहे, पीएफ भरतो आणि हॉल्टिंग बिल्टीवर लिहून देतो. त्याला माणूस लागतो का ते मी विचारून ठेवतो.